आजीच्या लुगड्यावर कात्री नको!



गेल्या महिन्यात माझ्या नातवाला शाळेतून 'शोराशिम'चे काम मिळाले. बार मिट्झ्वाच्या वर्षी हे काम आपल्या बहुतेकांच्या घरी येते. घराण्याची मुळे शोधा, वडीलधाऱ्यांना प्रश्न विचारा, जुने फोटो चिकटवा. मी कपाटातून आमचा एक फोटो काढून दिला. त्याच्या पाठीवर माझ्या बाबांच्या अक्षरात 'भायखळा, जानेवारी १९४४' असे लिहिलेले आहे. बाबा लष्करी इस्पितळात कंपाउंडर होते. रजा संपून ते परत निघायचे होते, म्हणून सगळे घर स्टुडिओत गेले होते. फोटोत खाकी हाफपँट आणि बुशशर्ट घातलेले बाबा आहेत, कोटातले काका आहेत, गोल पातळातली आई आहे, तिच्या मांडीवर चार वर्षांची मी आहे, आणि डाव्या कडेला खुर्चीवर नऊवारी लुगड्यातली आजी बसली आहे.

माझ्या मुलीने तो फोटो मोबाईलवर घेतला, बोट फिरवले आणि आजी नाहीशी झाली.

"अगं, आजी कुठे गेली?" मी विचारले.

"आई, तिच्या लुगड्याला शिवण दिसते. फाटकं वाटतं. आणि नऊवारी बघून वर्गातली मुलं विचारतात, हे लोक खरंच ज्यू होते का? त्यापेक्षा सैनिक पणजोबा पुरेत."

माझी मुलगी वाईट नाही. परंतु अशी कात्री आज घरोघर चालते आहे, आणि ती चालवणारे आपणच आहोत, म्हणून हे लिहिणे भाग आहे.

प्रथम त्या शिवणीविषयी. तिला दंड म्हणतात. लुगडे मधे विरले की विरलेला भाग कापून काढायचा आणि उरलेले दोन धड तुकडे जोडून शिवायचे, याला दंड घालणे म्हणत. उभ्या बाईला तो निऱ्यांत दडवता येई. खुर्चीवर बसलेल्या आजीला तो दडवता आला नाही, एवढाच तिचा अपराध!

पण घरात मिळवते दोन मुलगे असताना ती दंडाचे लुगडे नेसून स्टुडिओत का गेली? कारण ते साल १९४४ होते. डिसेंबर १९४१ मध्ये जपान युद्धात उतरला आणि तिकडून येणारे कापड बंद झाले. मुंबईच्या गिरण्या रात्रंदिवस चालत होत्या, परंतु त्यांच्या मालाचा मोठा हिस्सा लष्कराकडे जात होता. साधे कापड दुकानातून नाहीसे होऊन काळ्या बाजारात निघू लागले. शेवटी जून १९४३ मध्ये सरकारला कापड व सूत नियंत्रणाचा हुकूम काढावा लागला आणि कापडावर किंमत छापण्याची सक्ती झाली. किंमत छापली म्हणून कापड मिळतेच असे नव्हते. नऊ वार लुगडे ही त्या दिवसांत चैन होती.

आता बाबांकडे पाहा. त्यांच्या अंगावर कडक इस्त्रीची, सरकारने दिलेली कोरी खाकी आहे. जे कापड आजीला मिळत नव्हते तेच सैन्याच्या गणवेषात गेले होते. सुमारे २५ लाख हिंदी सैनिकांना कपडे पुरवायचे म्हणजे ते कुणाच्या तरी अंगावरून कमी होणारच. बाबांची खाकी आणि आजीचा दंड ही एकाच ताग्याची दोन टोके आहेत. एक ठेवून दुसरे कापले, तर उरतो तो निव्वळ रुबाब, आणि युद्ध काय होते ते मुलाला कळतच नाही.

यातली गंमत पुढेच आहे. बाबांची हाफपँट नातवाला परकी वाटली नाही. येथे खाकी हाफपँट म्हटली की कीबुट्झ आठवतो, जुने पायोनियर आठवतात. पण ही खाकी आली कुठून? 'खाक' म्हणजे धूळ, माती. १८४० च्या दशकात पेशावरकडच्या गाईड्स पलटणीने हा मातीचा रंग अंगावर चढवला आणि तेथून तो जगभरच्या सैन्यांत पसरला. हिब्रूतही आपण 'खाकी'च म्हणतो. म्हणजे मुलीने हिंदुस्थानी म्हणून जे कापले तेही हिंदुस्थानचे आणि आपले म्हणून जे ठेवले तेही हिंदुस्थानचेच!

आणि साडी ही काय गबाळेपणाची खूण आहे? जून १९४५ मध्ये हिंदी नौदलाच्या महिला विभागातील सेकंड ऑफिसर कल्याणी सेन स्कॉटलंडमधील रोसाइथच्या नाविक तळावर गेल्या होत्या. तो फोटो आजही पाहायला मिळतो. शेजारी इंग्रज अधिकारी बाई गणवेषात उभ्या आहेत आणि कल्याणी सेन साडीत. ती साडीच त्यांचा गणवेष होती. युद्धकाळच्या नौदलाला जिची लाज वाटली नाही, तिची लाज आपल्याला वाटावी?

याच्या उलट चूक करणारेही पुष्कळ आहेत. काकांचा कोट दाखवून "आमचे घराणे कसे सुटाबुटातले" असे सांगणारे मी आमच्याच घरात ऐकले आहेत. जरा बाह्या पाहा, बोटांच्या पेरांपर्यंत आल्या आहेत. तो कोट फोटोग्राफरचा होता! स्टुडिओत कोट आणि टाय खुंटीला टांगलेलेच असत. आणि आईने गोल पातळ नेसले ते फॅशन म्हणून की तीन-चार वार कापड वाचावे म्हणून, हे फोटो सांगत नाही. बहुधा दोन्ही कारणे असतील. जुना फोटो मुकाट्याने वाचावा लागतो. त्याच्या तोंडी आपले शब्द घालू नयेत.

राहिला "हे ज्यू होते का?" हा प्रश्न. हा प्रश्न आम्हाला नवा नाही. १९६२ नंतर या देशात आमच्या मुलामुलींची लग्ने अडली, पिढ्यान्‌पिढ्यांचे दाखले मागितले गेले. त्यासाठी आपले लोक जेरुसलेमच्या रस्त्यावर बसले, तेव्हा कुठे ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेटने आपल्या बाजूने ठराव केला. ज्या माणसांनी तो अपमान सोसला, त्यांच्या आया अशाच नऊवारी नेसत होत्या. आजीचा चेहरा नीट पाहा. गळ्यात मंगळसूत्र आहे, हातात बांगड्या आहेत आणि कपाळ कोरे आहे, कुंकू नाही. लुगडे सांगते की ही कोकणातली, कोरे कपाळ सांगते की ही बेने इस्राएल. एवढा बोलका दाखला घरात असताना आपण तोच कापून टाकतो!

कुणी म्हणेल, वर्गात मुलाची मान खाली जाऊ नये. कबूल. पण मान खाली जाते ती उत्तर ठाऊक नसले म्हणजे. आणि मेंदीच्या रात्री भाड्याचे, चमचमते, सिनेमातले घागरे घालून नाचताना आपली मान खाली जात नाही, मग खऱ्या आजीच्या खऱ्या लुगड्यानेच का जावी?

शेवटी फोटो अख्खा चिकटवला गेला. नातवाने भिंग लावून पाहिले आणि विचारले, "सफ्ता, तुझ्या फ्रॉकला आणि तिच्या साडीला एकच पट्टी कशी?" खरेच होते. दंड घालताना निघालेल्या तुकड्याचा काठ माझ्या फ्रॉकला लावला होता. इतकी वर्षे मी तो फोटो पाहते आहे, पण हे मला त्याने दाखवले.

तेव्हा माझी विनंती एवढीच आहे. या शब्बाथला जुने फोटो काढा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवा. कोण कुठे बसले आहे, कुणी काय नेसले आहे आणि का, हे विचारून मऊ पेन्सिलीने पाठीवर लिहा, मराठीत आणि हिब्रूतही. मोबाईलवर घ्यायचा तर अख्खा घ्या, चारी कडांसकट. आम्ही सांगणारे आता थोडेच उरलो आहोत.