डासांच्या खात्यावर पिसवा

आमच्या हिंगोलीत एकही पिसू नाही. विश्वास बसत नसेल तर कुणालाही विचारा. परभणीतून फुटून आमचा जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी. तेव्हापासून आजवर "आमच्या घरी पिसवा झाल्यात" असं कबूल करणारा गृहस्थ मला भेटलेला नाही. डास आहेत, मुंग्या आहेत, झुरळं तर घरचीच माणसं. पिसू मात्र नेहमी शेजाऱ्याकडे.

मीही हेच म्हणत होतो. गेल्या मे महिन्यात पंधरा दिवस परभणीला सासुरवाडीचा पाहुणचार घेऊन आम्ही सहकुटुंब परतलो. कुलूप काढलं, पाऊल आत टाकलं, आणि माझ्या पांढऱ्या पायजम्यावर फोडणीतल्या मोहरीसारखे काळे ठिपके तडतडू लागले. धाकटा ओरडला, "बाबा, उडणारे तीळ!" सौ.ने सर्वांत आधी काय केलं असेल? झाडू घेतला? छे! तिने दार लावून घेतलं. "हळू बोला. काकूंना ऐकू जाईल."

तेवढ्यात काकूच आल्या, विरजण घेऊन. दोन मिनिटं बोलल्या, तीनदा घोटा खाजवला आणि म्हणाल्या, "डास लई चावायलेत बाई औंदा."

"हो ना काकू!" आम्ही दोघं एका सुरात.

मी बी.कॉम. आहे. बँकेत वीस वर्षं काढली आहेत. एका खात्याची रक्कम दुसऱ्या खात्यावर टाकली तर काय होतं, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण घरोघरच्या पिसवा राजरोस डासांच्या नावे पडतात आणि कुणी हूं की चूं करत नाही. माझं भांडण पिसवांशी नंतर; आधी या खोट्या नोंदीशी आहे.

म्हणे स्वच्छ माणसांच्या घरी पिसवा होत नाहीत. अहो, पिसू काय घराण्याची चौकशी करून येते? तिला ऊबदार अंग हवं. कुत्रा, मांजर, उंदीर, शेळी, काहीही चालतं. आमच्या ओसरीवर काळ्या नावाचा एक बिनपगारी पहारेकरी झोपतो, तो आमचा पुरवठादार. "हाकला त्याला!" असा सल्ला मला तिघांनी दिला. हाकलून काय होणार? तो गेला की जेवणाचं ताट म्हणून आम्हीच उरलो!

हिशोब समजून घ्या. मादी दिवसाला चाळीस-पन्नास अंडी घालू शकते. ती कुत्र्याच्या अंगावर टिकत नाहीत. घरंगळून गादीवर, सतरंजीत, शहाबादी फरशीच्या सांध्यांत पडतात. त्यांतून अळ्या निघतात, अंधारात शिरतात आणि मोठ्या पिसवांच्या रक्ताळ विष्ठेवर पोसतात. मग कोष. म्हणजे कुत्र्यावर दिसते ती नुसती गल्ल्यातली रोकड. खरी ठेव फटीत. आणि कोष म्हणजे तर मुदत ठेवच. महिनोन्‌महिने गप्प पडून राहतो. घरात पावलं वाजली, माणसाची ऊब आणि श्वास आला, की मुदत पुरी. बंद घर उघडणाऱ्याचं एवढं जंगी स्वागत होतं ते यामुळे.

आमच्या शाखेतून निवृत्त झालेले एक हेडक्लार्क म्हणाले, "गॅमेक्सिन टाका, आमच्या वेळी..." त्यांच्या वेळी! ते बीएचसी, त्यावर देशात १९९७ पासून बंदी आहे. दुसऱ्याने कुत्र्याची पावडर घरभर उधळायला सांगितली. घरात मांजर असेल तर खबरदार: परमेथ्रिन कुत्र्याला चालतं, मांजराचा जीव घेऊ शकतं. आणि कुठलाही फवारा मारा, कोषाच्या आत तो सहसा पोचत नाही. म्हणून आठ दिवसांनी पुन्हा पिसवा दिसल्या की लोक औषधवाल्याला शिव्या देतात आणि सोडून देतात. सोडायचं नसतं. जनावराला डॉक्टरांनी दिलेलं औषध, त्याच दिवशी अंथरुणं कढत पाण्यात, गाद्या उन्हात (अळीला आमचं मेचं ऊन सोसत नाही, हा त्या उन्हाचा एकमेव उपयोग), आणि दोन-तीन आठवडे रोज फटीन्‌फट झाडून केर पिशवीत बांधून बाहेर. कंटाळवाणं काम आहे. लाजत-लाजत, दार लावून, होत नाही.

मी एका कचेरीत अर्जही नेला. तिथले बाबू म्हणाले, "डासांचा असेल तर घेतो. पिसवांचा रकाना नाही."

रकाना नसला की काय होतं? १८९७ साली पुण्यात प्लेगसाठी रँडसाहेबाचे सोजीर घराघरांत घुसले. माणसं बाहेर काढली, सामान जाळलं, लोकांचा संताप अनावर झाला. २२ जून रोजी चापेकरांनी रँडला गोळी घातली. एवढ्या झडतीत पिसवेला कुणी विचारलं नाही. पुढच्याच वर्षी सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरने कराचीत दाखवून दिलं की उंदरापासून उंदराला प्लेग पोचवते ती पिसू. विद्वानांनी कितीतरी वर्षं त्याला मोडीत काढलं. पिसू! हे काय कारण झालं?

लांब कशाला, आपला मराठवाडाच घ्या. १९९४ च्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात उंदीर मरू लागले आणि पिसवांनी उच्छाद मांडला. गावकऱ्यांनी तक्रार केली, लाजले नाहीत. गाठीच्या प्लेगचे संशयित रुग्ण सप्टेंबरात निघाले. म्हणजे आधी पिसू बोलली, रोग मागून आला. काळ्याच्या पिसवांनी प्लेग होतो असं मी म्हणत नाही, घाबरू नका. तो मान मुख्यतः उंदरावरच्या पिसवेचा. पण मामलाकरांनीही "डास लई चावायलेत" म्हणून विषय मिटवला असता तर?

हे सगळं मनात घोळवून मी परवा धीर केला. काकू ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. म्हटलं, "काकू, आमच्या घरी पिसवा झाल्यात."

सौ. आतून भांडं आपटून गेली. काकूंनी सूप खाली ठेवलं.

"मग आमच्याकडं काय हायेत वाटलं तुम्हाला? दिवाळीपासून हायेत."

"मग त्या दिवशी डास म्हणालात ते?"

"मी म्हणाले खरं. पण तुम्ही दोघं 'हो ना, हो ना' कशापायी करायलात?"