पट्टी बाहेरून, औषध आत



'दुखेल तिथे पट्टी चिकटवा, अपाय काहीच नाही' असे सांगणारे पत्र गेल्या अंकात वाचले. गोळीपेक्षा पट्टीतून रक्तात कमी औषध जाते, हे खरे. पण अजिबात जात नाही, हे खरे नाही.

आमच्या केंदूरला कांदाकाढणी संपली की घरोघरी कंबरा धरतात. यंदा आईने कमरेला डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधाची पट्टी लावली आणि वर गरम पाण्याची पिशवी ठेवून झोपली. सकाळी पट्टीच्या आकाराचा लालभडक चौकोन आणि त्यावर बारीक फोड! उष्णतेने औषध कातडीत झपाट्याने शिरते. त्यात तिने त्याच औषधाची गोळीही घेतली होती.

म्हणून कळकळीने सांगते: पट्टी स्वच्छ, कोरड्या कातडीवरच लावा, खरचटलेल्या जागी नको. पाकिटावरच्या वेळेप्रमाणे काढा. पोटात व्रण, दमा, मूत्रपिंडाचा वा हृदयाचा आजार, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या किंवा गरोदरपण असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. वापरलेल्या पट्टीत औषध उरते. चिकट बाजू आत दुमडून मुलांच्या हाती लागणार नाही अशी टाका.

हेच डायक्लोफिनॅक दिलेल्या जनावरांची मढी खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी झाली. २००६ मध्ये सरकारने जनावरांसाठी ते बंद केले. आपण गिधाडांइतके नाजूक नाही, पण औषध तेच आहे. त्याचा मान राखूया.

— एक वाचक, केंदूर (ता. शिरूर)