बाहेरगावी निघालेल्या मुलांची शिदोरी

बारावीचे निकाल लागले की महिन्या-दोन महिन्यांत अनेक घरांत बांधाबांध सुरू होते. चादरी, बादली, चिवडा-लाडवांचे डबे यांची यादी होते. जे मूल आयुष्यात प्रथमच स्वतःच्या आहाराचा, आजारपणाचा आणि स्वच्छतेचा भार उचलणार आहे, त्याला त्या कामांचे शिक्षण दिले आहे का, हा प्रश्न मात्र त्या यादीत क्वचितच असतो.

विद्यापीठ हे शिक्षण देईल, अशी आशा धरू नये. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी ‘जीवन कौशल’ हा अभ्यासक्रम आखला. त्यात संवाद, व्यवसाय, नेतृत्व आणि मानवी मूल्ये यांना स्थान मिळाले. स्वयंपाकघर घरावरच सोपवलेले राहिले. तेव्हा प्रवेशाआधीच्या सुट्टीत पुढील चार धडे आपणच द्यावेत.

पहिला धडा गॅसचा. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो; गळती झाल्यास तो जमिनीलगत साचतो. त्याला स्वतःचा वास नसतो; धोका कळावा म्हणून उग्र वासाचे द्रव्य त्यात मुद्दाम मिसळतात. तो वास येताच विजेचे कोणतेही बटण चालू वा बंद करू नये. रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात आणि बाहेर जाऊन १९०६ या क्रमांकावर कळवावे. हे नुसते सांगू नका. रेग्युलेटर मुलाच्या हातानेच काढून पुन्हा बसवून घ्या.

दुसरा धडा खिचडीचा. तांदळात ज्या अमिनो आम्लाची उणीव असते ते डाळीत मिळते, आणि डाळीतील उणीव तांदूळ भरून काढतो. म्हणून हा साधा पदार्थ पोषणाच्या दृष्टीने भक्कम आहे. एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी मुगाची डाळ आणि चार-साडेचार वाट्या पाणी, एवढे प्रमाण पुरते. कुकर लावण्यापूर्वी शिट्टीखालचे छिद्र मोकळे आहे ना ते पाहावे आणि वाफ आपोआप उतरेपर्यंत झाकणाला हात लावू नये. उरलेला भात दिवसभर तसाच ठेवून रात्री खाणे धोक्याचे असते. शिजवल्यानंतरही टिकून राहणारे जिवाणूंचे बीजाणू उबदार भातात वाढतात आणि त्यांचे एक विष पुन्हा गरम केल्यानेही नष्ट होत नाही. भात दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जावा. फ्रीज नसेल तर बेतानेच शिजवावा.

तिसरा धडा आजारपणाचा. जुलाब झाल्यास औषधांच्या दुकानातील जलसंजीवनीची पुडी उत्तम. ती नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवावे. हे पाणी चोवीस तासांनंतर टाकून द्यावे. मिठाचे प्रमाण वाढू देऊ नये. पॅरासिटामॉल निरोगी प्रौढानेही दिवसाला चार ग्रॅमहून अधिक घेऊ नये. सर्दीच्या अनेक गोळ्यांतही तेच औषध असते. दोन्ही घेतल्यास नकळत मात्रा दुप्पट होते आणि इजा यकृताला पोहोचते. वेष्टनावरील घटक वाचण्याची सवय लावा. ज्या पाकिटावर तांबडी उभी रेघ आहे ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून घ्यायचे नाही, हेही दाखवून द्या.

चौथा धडा स्वच्छतेचा. तो एका वाक्याचा आहे. ब्लीचिंग पावडर आणि संडास धुण्याचे आम्ल कधीही एकत्र करू नये, कारण त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो.

आता शिकवण्याच्या रीतीविषयी. मुलांच्या हातातून उलथणे काढून घेण्याचा मोह पालकांना आवरत नाही. तो आवरा. निघण्यापूर्वीच्या आठवड्यात एक पूर्ण दिवस घर मुलावर सोपवा: बाजारहाट, दोन वेळचे जेवण, भांडी, कपडे आणि रात्री खर्चाचा हिशेब. खिचडी खाली लागेल, मीठ चुकेल. ते सगळ्यांनी मिळून खावे. आईवडील शेजारच्या खोलीत असताना झालेली चूक स्वस्तात निभावते.

हे धडे देताना मुलगा-मुलगी असा भेद करू नये. मुलीला हे येतच असेल असे आपण गृहीत धरतो, आणि मुलाला आले नाही तरी चालेल असे मानतो. यात मुलीवर अन्याय होतो, आणि मुलगाही परावलंबी राहतो. ताप आणि भूक दोघांनाही सारखीच गाठतात. परक्या गावी, बंद खोलीत, रात्री दोन वाजता अंग तापले, तर त्या क्षणी फोनवरचा आपला धीर उपयोगी पडेलच. पण पाणी, औषध आणि चार घास यांची सोय मुलाला स्वतःच्या हातांनीच करावी लागेल. त्या हातांना आजपासून सवय लावू या.