रोज्यांचा ‘मेक अप’

अकोल्याच्या आमच्या खालांचे मागच्या रमजानमध्ये काविळीमुळे 6 रोजे सुटले. ईदनंतर त्या पूर्ण बऱ्या झाल्या. अमरावतीत शिकणाऱ्या त्यांच्या लेकाने एका इंग्रजी पुस्तिकेत वाचले, ‘मेक अप द मिस्ड फास्ट्स’, आणि अम्मीला फोनवर सांगितले, “सुटलेल्या रोज्यांची भरपाई करायची.”

आता वऱ्हाडात भरपाई म्हटले की डोळ्यांपुढे काय येते? अतिवृष्टी, तलाठ्याचा पंचनामा आणि खात्यात जमा होणारे पैसे! खालांनी 6 रोज्यांचा हिशेब करून तेवढे पैसे एका गरजू घरी पोचते केले आणि त्या निश्चिंत झाल्या. काम नेकीचेच झाले, पण रोजे बाकीच राहिले.

इथे ‘मेक अप’ म्हणजे कझा. जे राहिले, तेच नंतर करून पूर्ण करणे. बुडालेला तास सर रविवारी घेतात, तोही ‘मेक अप’च. त्यापुढे ‘फॉर’ आले, की बहुधा अर्थ होतो एका गोष्टीची उणीव दुसरीने भरून काढणे. काही लिहिणारे रोज्यांच्या बाबतीतही ‘फॉर’ लावतात, तेव्हा एकट्या शब्दावर न जाता मागचे-पुढचे वाचावे. सूरह बकराच्या 184 व 185 व्या आयतींत आजारी आणि मुसाफिर माणसाला तेवढीच संख्या दुसऱ्या दिवसांत पूर्ण करायला सांगितले आहे. फिदया आहे तो ज्याला रोजा झेपतच नाही त्याच्यासाठी. बऱ्या झालेल्या खालांसाठी नाही. हजरत आयशा (रजि.) यांचे राहिलेले रोजे शाबानमध्ये पूर्ण होत, असे हदीसमध्ये आले आहे.

या क्रियापदाची सोंगे मात्र बरीच. भांडलेल्या दोघी पुन्हा बोलू लागल्या, तरी ‘मेक अप’. मनाचा निश्चय केला, तरी ‘मेक अप’, फक्त सोबत ‘माइंड’ हवे. उशीर झाल्यावर बहाणा रचला, तोही ‘मेक अप’. म्हणून मुलींनो, कझा रोज्यांना ‘मेड-अप फास्ट्स’ लिहू नका. ते चक्क खोटे, रचलेले रोजे होतील! चेहऱ्याच्या मेकअपबद्दल तुम्हाला आम्ही काय शिकवणार?

लेकाने पुन्हा फोन केला. या वेळी सरळ ‘कझा’ म्हणाला. “मंग हे आंधीच सांगाचं होतं ना, बेटा!” खाला म्हणाल्या. शाबान लागायला तेव्हा तीन आठवडे होते. त्यांचे चार रोजे झालेत, दोन बाकी आहेत.