नवराच दुभाषी झाला तर?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्री नऊच्या सुमारास सरकारी रुग्णालयातल्या ओळखीच्या सिस्टरचा फोन आला. ‘‘ताई, जरा येऊन जाता का? एक बाई आलीय, मला काही ठीक वाटत नाहीये.’’ पोळ्या लेकीवर सोपवल्या आणि निघाले.

बाई नेपाळची. नवरा एका सोसायटीत वॉचमन. तिला इथं येऊन जेमतेम दोन महिने झालेले. मराठी नाहीच, हिंदीही धड नाही. हाताला प्लास्टर, डोळ्याखाली काळंनिळं. केसपेपरवर मात्र लिहिलेलं, ‘पायरीवरून पडल्याने दुखापत.’ हे सांगितलं कुणी? नवऱ्यानं! डॉक्टर हिंदीत विचारणार, नवरा ते नेपाळीत तिला सांगणार, ती काहीतरी पुटपुटणार आणि तोच तिचं उत्तर डॉक्टरांना देणार. ज्याच्याबद्दल विचारायचं, तोच दुभाषी!

दुसऱ्या दिवशी नवरा ड्युटीवर गेल्यावर मी दुसऱ्या एका वॉचमनच्या आठवीतल्या मुलीला सोबत घेऊन गेले. तिनं विचारलं, ‘‘कसले कुट्यो?’’ म्हणजे, कुणी मारलं? बाईच्या डोळ्यांना धार लागली आणि मग ती बोलतच राहिली. आमचं काम झालं. पण परतताना रिक्षात ती पोर एक शब्द बोलली नाही. तेरा वर्षांच्या मुलीच्या कानावर जे पडू नये, ते मी तिच्याच तोंडून वदवून घेतलं होतं. ती बोच अजून गेलेली नाही.

सिस्टरना मी म्हटलं, ‘‘तुमच्यापैकी कुणालाच नेपाळी येत नाही?’’ त्या म्हणाल्या, ‘‘अहो ताई, कोण शिकवणार आम्हाला? आणि कधी?’’ प्रश्न अगदी बरोबर होता. तोच घेऊन मी बरेच दिवस वाचत बसले.

सरकारी माणसाला परकी भाषा यायला हवी म्हटलं, की आपल्या डोळ्यांसमोर वकिलातीतले सूटबूटवाले साहेब येतात. त्यांच्यासाठी सोय आहेही. आपल्या परराष्ट्र सेवेतल्या नव्या अधिकाऱ्याला एक परकी भाषा शिकावीच लागते. तिची परीक्षा दिल्याशिवाय नोकरीत कायम होता येत नाही. दिल्लीत संरक्षण खात्याची परकीय भाषांची शाळा 1948 पासून आहे. पण ज्या खिडकीशी सामान्य माणूस उभा असतो, त्या खिडकीमागच्या कर्मचाऱ्याचं काय?

बरं, नुसता पैसा ओतूनही हे जमत नाही, हे अमेरिकेकडे पाहून कळतं. अमेरिकी फौजा 2003 मध्ये इराकमध्ये शिरल्या. त्यानंतर तीन वर्षांनी, डिसेंबर 2006 मध्ये, ‘इराक स्टडी ग्रुप’चा अहवाल आला. बगदादच्या अमेरिकी वकिलातीत हजार माणसं, त्यांतली अरबी येणारी 33 आणि सफाईनं बोलणारी अवघी 6! ज्या देशाची घडी बसवायला निघालो, तिथल्या माणसाचं म्हणणं ऐकायचं कुणी आणि कसं?

त्यांच्या सरकारी तपासणी कार्यालयानं 2009 मध्ये सांगितलं, की परराष्ट्र खात्यात ज्या जागांसाठी भाषा येणं आवश्यक आहे, तिथले 31 टक्के अधिकारी भाषेच्या अटीत बसत नाहीत. 2017 मध्ये पुन्हा पाहिलं, तर ते प्रमाण 23 टक्क्यांवर आलं होतं. म्हणजे सुधारणा झाली, पण आठ वर्षांत एवढीच. कारण भाषा वेळ मागते. त्यांच्या परराष्ट्र खात्याच्या प्रशिक्षण संस्थेचा हिशेब असा, की इंग्रजी बोलणाऱ्या माणसाला स्पॅनिश शिकायला तीस आठवडे लागतात, हिंदी किंवा नेपाळीला 44 आणि अरबी, चिनी, जपानीला 88! आणि तेही दिवसभर दुसरं काही काम न करता, पगार चालू ठेवून. आपल्याकडे मात्र दोन दिवसांची कार्यशाळा, चहा-बिस्किटं, प्रमाणपत्र आणि ग्रुप फोटो!

माझंच सांगते. बी.ए.ला असताना मी हौसेनं जर्मनचा कोर्स केला होता. चांगले मार्कही मिळाले. आज ‘गुटेन मॉर्गन’च्या पुढे गाडी जात नाही. उलट शेजारच्या कानडी मावशींकडून भाजी निवडता निवडता जे कानडी शिकले, ते वीस वर्षांनंतरही तोंडात आहे. कारण ते रोज लागायचं. जी भाषा वापरायची नाही, ती शिकून काय उपयोग? आणि जी रोज लागते, ती शिकवायची नाही, हा कुठला न्याय?

गंमत अशी, की आपली मराठीच एकेकाळी सरकारी नोकरांची ‘परकी भाषा’ होती. कंपनी सरकारनं 1800 मध्ये कलकत्त्याला फोर्ट विल्यम कॉलेज काढलं, ते आपल्या गोऱ्या नोकरांना इथल्या भाषा शिकवण्यासाठीच. तिथं मराठी शिकवणाऱ्या विल्यम केरीनं 1805 मध्ये मराठीचं व्याकरण छापलं. पुढे कंपनीच्या लष्करातल्या कॅप्टन मोल्सवर्थनं मराठी पंडितांच्या मदतीनं 1831 मध्ये जो मराठी-इंग्रजी कोश केला, तो आजही अभ्यासक उघडतात. त्यांना राज्य करायचं होतं, म्हणून ते एवढं शिकले. आपल्याला तर सेवा करायची आहे ना?

म्हणून वाटतं, सुरुवात छोटी करावी. प्रत्येक मोठ्या सरकारी रुग्णालयानं आणि पोलीस ठाण्यानं आपल्याकडे कुठल्या भाषेची माणसं येतात, याची वर्षभर नोंद ठेवावी. कुठे नेपाळी निघेल, कुठे बंगाली, पर्यटनाच्या गावी जपानी किंवा फ्रेंच. मग चार-दोन इच्छुक कर्मचाऱ्यांना ती भाषा ड्युटीच्या वेळेत शिकवावी, घरी जाऊन पोळ्या लाटायच्या वेळेत नव्हे! शिकणाऱ्याला पगारात थोडी तरी वाढ द्यावी आणि त्याची बदली करताना त्याची भाषा पाहावी. बाकीच्या भाषांसाठी फोनवर मिळतील अशा दुभाष्यांची यादी भिंतीवर लावावी. आणि एक नियम मात्र अगदी काटेकोर पाळावा. मारहाणीची शंका असेल, तिथं नवरा, सासू किंवा लहान मूल यांना दुभाषी करायचं नाही.

कुणी म्हणेल, आता मोबाइल भाषांतर करतो की! करतो, आणि ‘पोट कधीपासून दुखतंय’ एवढं विचारायला तो पुरेही. पण घाबरलेली बाई मोबाइलशी नाही हो बोलत. ती समोरच्या माणसाच्या तोंडाकडे बघून बोलते.

नेपाळी तर खरं म्हणजे पूर्ण परकीही नाही. 1992 पासून ती आपल्या घटनेच्या आठव्या अनुसूचीत आहे आणि तिची लिपी देवनागरीच. आमच्या सिस्टरनी यातून भलतीच सोपी वाट काढली. त्याच मुलीच्या आईकडून त्यांनी वीस वाक्यं लिहून घेतली, डायरीच्या मागच्या पानावर. ती बाई आता भावाकडे आहे, हात बरा झालाय. परवा वॉर्डात दुसरी एक नेपाळी बाई तापानं फणफणलेली आली. सिस्टरनी चष्मा लावला, डायरी उघडली आणि अडखळत वाचलं, ‘‘कहाँ दुख्छ?’’

बाईनं चटकन मान वर केली म्हणे. आणि उत्तर तिनं स्वतः दिलं.