कोणत्या पायावर थांबलास?

गेल्या महिन्यात आमच्या शाळेचा वार्षिकोत्सव पार पडला. शाळा सरकारी, माध्यम गुजराती आणि गाव तालुक्याचे. तेव्हा थाटमाट बेताचाच होता. तरीही नाचाचे कार्यक्रम सुरू झाले तेव्हा पटांगणात उभे राहावयासही जागा उरली नाही. प्रत्येक आईबापाच्या हाती मोबाईल आणि त्या इवल्याशा काचेत आपापले अपत्य. आठवीतील एक मुलगी समूहनृत्यात पुढच्या रांगेत होती. तिच्या तुकडीने टाळ्या भरपूर घेतल्या, बक्षीस मात्र दुसऱ्याच तुकडीस मिळाले. दुसऱ्या दिवशी ती आमच्या खोलीच्या दाराशी येऊन उभी राहिली. डोळे सुजलेले. तिने गुजरातीतून विचारले, "सर, टाळ्या तर आम्हांलाच जास्त पडल्या होत्या ना?"

प्रश्न साधा होता. पण उत्तर आमच्या ओठांवर चटकन आले नाही. कारण थोड्याफार फरकाने हाच प्रश्न आम्हीही एकदा, चाळीस वर्षांपूर्वी, आमच्या नृत्याच्या बाईंना विचारला होता. मुख्याध्यापक म्हणविणारा हा गृहस्थ एके काळी पायांत चाळ बांधून नाचत असे, हे वाचून या सदराच्या नेहमीच्या वाचकांस हसू येईल. ते येऊ द्यावे. आम्हांसही कधी कधी येते.

आमचे बालपण बडोद्यात, दांडिया बाजाराच्या परिसरात गेले. थोरली बहीण एका बाईंकडे भरतनाट्यम शिकावयास जात असे. संध्याकाळी तिला पोहोचविणे आणि परत आणणे हे काम धाकटा भाऊ म्हणून आमच्याकडे आले. बाईंचा वर्ग एका जुन्या वाड्याच्या माडीवर भरे. आम्ही जिन्यात बसून गृहपाठ करीत असू. वर लाकडी ठोकळ्यावर दांडके पडे, "तै या तै" असे बोल ऐकू येत आणि खाली जिन्यात आमचे पाय आपोआप हलू लागत. एके दिवशी बाई पाणी प्यावयास बाहेर आल्या, त्यांनी ते पाहिले आणि म्हणाल्या, "पाय बरोबर पडतो आहे, पण गुडघे कुठे आहेत? आत ये." इतकाच आमचा प्रवेश. वर्षभराने बहिणीने शिकणे सोडले, आम्ही राहिलो.

तमिळ देशीचे हे नृत्य बडोद्याच्या मराठी वाड्यात कसे येऊन पोहोचले, हे नव्या पिढीस ठाऊक असावे म्हणून दोन शब्द. तंजावरचे मराठा राजे दुसरे सरफोजी (कारकीर्द 1798 ते 1832) यांच्या दरबारी चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलु हे चार बंधू होते. अलारिप्पूपासून तिल्लान्यापर्यंतचा जो क्रम आज भरतनाट्यमच्या रंगमंचावर दिसतो, तो या बंधूंनी घालून दिला. पुढे 1880 साली सयाजीराव महाराजांचा विवाह तंजावरच्या लक्ष्मीबाईंशी झाला. त्याच बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई होत. त्यांच्या समवेत तंजावरचे नर्तकींचे पथक बडोद्यास आले. त्यांपैकी कांतिमतींचे पुत्र कुबेरनाथ तंजावरकर यांनी पुढे बडोद्याच्या विद्यापीठात कित्येकांस हे नृत्य शिकविले. म्हणजे मराठी माणसाचा या कलेशी असलेला संबंध पाहुण्याचा नाही, घरचा आहे. आमच्या वडिलांना, आम्ही त्यांना नाना म्हणत असू, हा सारा इतिहास तोंडपाठ होता. पण इतिहास निराळा आणि आपला मुलगा निराळा! रेल्वेच्या हिशेब खात्यातील कारकुनाच्या मुलाने पायांत चाळ बांधावी, हे त्यांच्या पचनी पडत नव्हते. गंमत अशी की, नवरात्रात याच गावातील यच्चयावत मुलगे नऊ रात्री गरबा खेळत आणि त्यात कोणासही काही वावगे दिसत नसे. तीच मुले आम्हांस पाहून रस्त्यात हात वेळावून दाखवीत. घोळक्यात नाचणे हा उत्सव आणि एकट्याने नाचणे हा बायकीपणा, असा काहीसा हिशेब असावा.

अशा स्थितीत 1984 सालच्या गणेशोत्सवात आम्हांस एका मंडळाच्या मांडवात नाचावयाचे निमंत्रण आले. वय वर्षे चौदा. बाईंनी विचार करून होकार दिला आणि तिल्लाना बसवून घेतला. तिल्लाना ही मार्गातील शेवटची, जलद आणि आनंदाची रचना; लोकांना आवडेल अशी. वाद्यवृंद परवडण्याजोगा नव्हता, म्हणून टेपवर नाचावयाचे ठरले. नाना मांडवाच्या अगदी मागच्या टोकाला, जणू सहज वाटेत थांबले असावेत असे, उभे होते. आई आली नव्हती. घरी आजी अंथरुणाला खिळलेली होती.

पहिली दोन मिनिटे बरी गेली. मग लोकांनी तालावर टाळ्या धरल्या. ज्यांनी समुदायासमोर काही केले आहे त्यांना हे ठाऊक असेल की, समुदायाची टाळी कधी एका लयीत राहत नाही. ती हळूहळू धावू लागते. आम्ही त्या टाळीबरोबर धावू लागलो. टेप मागे राहिली. समोर नट्टुवनार बसलेले असते तर त्यांनी झांजेच्या एका ठोक्याने आम्हांस जागेवर आणले असते. टेपला काय त्याचे! शिकविलेल्या रांगा संपल्या तरी संगीत शिल्लकच, म्हणून आम्ही मनाने गिरक्या घेऊ लागलो. एक, दोन, पाच, सात. भरतनाट्यमचा प्राण म्हणजे अरैमंडी, गुडघे बाहेर वळवून अर्धे बसणे. ते केव्हाच सुटले होते आणि आम्ही चांगले ताठ उभे राहून नाचत होतो. पण लोकांना त्या गिरक्यांचेच कौतुक! शिट्ट्या झाल्या, 'वन्स मोअर' झाले. मंडळाच्या अध्यक्षांनी अकरा रुपये हातावर ठेवले. नाना पुढे आले, काही बोलले नाहीत. येताना वाटेत त्यांनी पावशेर पेढे घेतले. त्या रात्री आम्ही झोपलो नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गावर गेलो तो शाबासकीच्या अपेक्षेने. बाई मांडवात आल्या होत्या, त्यांनी सारे पाहिले होते. त्यांनी चटई झटकली, ठोकळा पुढे ओढला आणि विचारले, "काल कोणत्या पायावर थांबलास?"

आम्हांस आठवेना. उजवा की डावा? संगीत संपले तेव्हा की त्याच्या आधी? आम्ही खरोखरच सांगू शकलो नाही. गोरेमोरे होऊन म्हणालो, "पण बाई, लोकांना तर फार आवडलं. टाळ्या तर किती पडल्या!" बाई म्हणाल्या, "पडल्या ना. त्या तुझ्याच. आता तट्टडवू. पहिल्या कालापासून."

तट्टडवू म्हणजे अगदी पहिला धडा: जागच्या जागी बसून तळवा जमिनीवर आपटणे. प्रथम संथ, मग दुप्पट, मग चौपट. जो काल मांडव गाजवून आला, त्याला आज मुळाक्षरे! चार दिवस आम्ही दात-ओठ खात ते केले आणि पाचव्या दिवशी जाणेच बंद केले. तीन आठवडे गेलो नाही. घरी सांगितले की अभ्यास फार आहे. आम्हांस वाटले, नानांना बरेच वाटेल. एका रविवारी दाढी करता करता ते आरशातूनच म्हणाले, "सोडायचं असेल तर सोड. मी कधी जा म्हटलं नव्हतं. पण हिशेबात चूक दाखवली म्हणून कारकुनानं वही फाडली, असं होऊ देऊ नकोस." जे गृहस्थ तीन वर्षे आमच्या नाचाविषयी एक शब्द बोलले नव्हते, त्यांचे ते एवढेच भाष्य. त्या संध्याकाळी आम्ही माडीचा जिना चढलो. बाईंनी 'इतके दिवस कुठे होतास' असे विचारले नाही. ठोकळा पुढे ओढला.

यानंतरची तीन वर्षे सांगण्यासारखी नाहीत. शिकण्याची वर्षे बहुधा नसतातच. अरंगेत्रम करण्याइतकी ना आमची तयारी होती, ना नानांची ऐपत. विजयादशमीस बाईंच्या माडीवर सरस्वतीपूजन होई आणि सारे विद्यार्थी आळीपाळीने काही करून दाखवीत. 1987 साली बाईंनी आम्हांस अभिनयाची रचना दिली: कृष्ण माती खातो आणि यशोदा त्याला रागे भरते. सतरा वर्षांच्या, मिसरूड फुटलेल्या मुलाने यशोदा व्हावे! आम्ही कुरकुरलो. त्यावर बाई म्हणाल्या, "नटायचं नाही. स्वयंपाकघरात जाऊन बैस आणि तुझ्या आईचे हात बघ." आम्ही महिनाभर पाहिले. पदराचे टोक बोटाला गुंडाळून शेजारच्या पोराचे तोंड ती कशी पुसते, रागावताना हनुवटी कशी धरते, आणि तो राग डोळ्यांत पोहोचण्याआधीच कसा विरतो, हे आम्ही जन्मात प्रथमच पाहिले.

त्या दिवशी माडीवर जेमतेम वीस माणसे असतील. गावयास एक वृद्ध गृहस्थ, मृदंगावर एक जण आणि झांज घेऊन स्वतः बाई. आजी निवर्तली होती, म्हणून आई येऊ शकली; ती भिंतीशी पाय दुमडून बसली होती. अभिनयात गायक एकच ओळ पुन्हा पुन्हा गातो आणि नर्तकाने दर वेळी तिचा निराळा अर्थ दाखवावयाचा असतो. दोनदा दाखविले आणि तिसऱ्या वेळी काय दाखवावयाचे ते आम्ही साफ विसरलो. डोके रिकामे झाले. गायकांनी ते ओळखले व तीच ओळ आणखी एकदा, शांतपणे घेतली. पाय ताल सोडीत नव्हते, एवढाच आधार. आणि मग आमच्या हाताने, आम्ही ठरविले नसताना, नसलेल्या पदराचे टोक बोटाला गुंडाळले आणि नसलेल्या पोराचे तोंड पुसले. भिंतीशी आई एकदम हसली आणि तिने तोंडावर पदर धरला. आपले हात तिने ओळखले होते.

नंदिकेश्वराच्या 'अभिनयदर्पणा'त हात, दृष्टी, मन, भाव आणि रस अशी साखळी सांगितली आहे. एम. ए. होईतो आम्ही ती पुष्कळदा वाचली आणि विद्यार्थ्यांना समजावूनही दिली. पण ती कळली ती त्या वेळी, एवढे खरे.

शेवट मात्र चुकला. विसरण्याच्या गडबडीत आम्ही अखेरच्या पावलांना उशिरा लागलो. टाळ्या झाल्या नाहीत. पूजेच्या ठिकाणी त्या कोणी वाजवीत नसे. पुढच्या मुलीने चाळ बांधावयास घेतले आणि आम्ही कोपऱ्यात जाऊन बसलो.

दुसऱ्या दिवशी बाईंनी ठोकळा ओढला. "काल कोणत्या पायावर थांबलास?"

"डाव्या. अर्धी मात्रा उशिरा. शेवटच्या आवर्तनाला उजवा पाय उचलायलाच वेळ लागला."

"हं," बाई म्हणाल्या, "मला पाव मात्रा वाटली होती." आणि तीन वर्षांत प्रथमच ठोकळा बाजूला सारून त्यांनी आम्हांस चहा दिला.

आम्ही नर्तक झालो नाही. बी. ए. झालो, एम. ए. झालो, बाहेरगावी नोकरी लागली आणि चाळ पेटीत गेले. त्याची रुखरुख नाही असे म्हटले तर ते खोटे ठरेल; पण त्याचे दुःख करीत बसावे इतकी आमची गुणवत्ताही नव्हती. या दोन कार्यक्रमांचा विचार मात्र आम्ही अनेकदा करतो. पुष्कळ वर्षे आम्ही असे समजत होतो की मांडवातला नाच खोटा आणि माडीवरचा खरा. आता तसे वाटत नाही. मांडवातल्या त्या टाळ्या झाल्या नसत्या तर नानांनी पेढे घेतले नसते, आणि पेढे घेतले नसते तर तीन आठवड्यांनी त्यांनी ते वाक्य उच्चारले असते की नाही, कोण जाणे! बाईंनीही त्या टाळ्या आमच्याकडून कधी हिरावून घेतल्या नाहीत. "त्या तुझ्याच" असेच त्या म्हणाल्या होत्या. टाळ्यांनी धीर दिला. पण आपण कोठे आहोत हे टाळ्या सांगत नाहीत. ते आपल्या पायांना विचारावे लागते. चौदाव्या वर्षी आम्ही वाहवा मिळवून अज्ञानी होतो. सतराव्या वर्षी चुकलो, पण कोठे आणि किती, हे सांगू शकत होतो. विद्यार्थ्याची वाढ म्हणतात ती या दोहोंमधील अंतराची.

दाराशी उभ्या असलेल्या त्या मुलीला आम्ही एवढे सारे सांगितले नाही. टाळ्या तुमच्याच, असे प्रथम सांगितले. मग विचारले, "बेटा, शेवटी तू कोणत्या पायावर थांबलीस?" ती गोंधळली. तिने आपल्या पायांकडे पाहिले, मग ओसरीवर जाऊन मनाशी गाणे गुणगुणत शेवटची चार पावले करून पाहिली. एकदा, दोनदा. परत येऊन म्हणाली, "सर, मला वाटतं उजव्या. पण बाकीच्या मुली डाव्यावर होत्या." तिचा चेहरा पडला नव्हता. आपल्याला काही सापडले आहे, असा तो होता.

वाचकांपैकी ज्यांची मुले-नातवंडे नाच, गाणे, तबला शिकत असतील, त्यांनी कार्यक्रमाहून परतताना पेढे अवश्य घ्यावेत. बक्षीस मिळाले का, हे विचारण्याची मात्र घाई करू नये. मोबाईलमधील चित्र मुलांना दाखवावे, पण लगेच नव्हे. दुसऱ्या दिवशी, आणि तेही त्यांना आधी आठवू देऊन. मुलाला आपली चूक स्वतःहून सांगता आली, तर त्याचे शिक्षण योग्य हाती आहे असे समजावे. नाही सांगता आली, तरी रागावू नये. आम्हांलाही तीन वर्षे लागली होती.