दार नसलेली कचेरी

महिनाभर आम्ही गोदामात पोत्यांच्या सोबतीने हिशेब लिहिले आणि दसऱ्याच्या मुहूर्तावर नव्या कचेरीत शिरलो, तो तिथे कचेरीच नाही! इमारत जागच्या जागी होती, दारावर झेंडूचे तोरण होते. पण आतल्या पाचही खोल्या नाहीशा होऊन त्यांच्या जागी एक ऐसपैस दालन पसरले होते. मध्ये लांबच लांब पांढरी टेबले, त्यांवर संगणक आणि तेवीस खुर्च्या. माझी खुर्ची पाण्याच्या यंत्राशेजारची.

आमची कचेरी जालन्याच्या मोंढ्याला लागून. धंदा बियाण्यांचा. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी याच गावात 'महिको' काढली आणि पुढे बियाण्याच्या धंद्याने इथे चांगलेच मूळ धरले. त्या वडाच्या सावलीतले आम्ही एक रोपटे. धाकटे शेठ पुण्याहून शिकून आले आहेत. भिंती गेल्या की माणसे आपोआप बोलू लागतात, हा त्यांचा सिद्धान्त. याला 'ओपन प्लॅन' म्हणतात, हेही त्यांनी सांगितले.

थोरले शेठ काठी टेकत आले, दालनभर नजर फिरवली आणि खो खो हसले. म्हणाले, "अरे, ही तर आमच्या वडिलांची पेढी! गादी तेवढी उचलून टेबलावर ठेवलीस." आणि खरेच, जुन्या पेढीत भिंत कुठे होती? एकाच बैठकीवर लोडाला टेकलेले मालक, कलमदान पुढे घेतलेले मुनीम आणि उंबऱ्याशी टेकलेला शेतकरी. "जालना सोने का पालना" म्हणत त्या काळात असल्याच बैठकींवर सारा व्यापार चाले.

साहेबांच्या देशांतही हे खूळ नवे नाही. अमेरिकेतल्या बफेलो गावी १९०६ साली फ्रँक लॉइड राइट या वास्तुशिल्पकाराने एका साबण कंपनीसाठी कचेरी बांधली. मधोमध उंच दालन, वरून उजेड आणि खाली रांगेने कारकून. १९५० साली ती पाडली. पुढे जर्मनांनी दालनात कुंड्या मांडून टेबले वाकडीतिकडी लावली. रॉबर्ट प्रॉप्स्ट नावाच्या गृहस्थांनी १९६८ मध्ये हलवता येणारे पडदेवजा आडोसे बाजारात आणले, माणसाला मोकळे वाटावे म्हणून! कंपन्यांनी त्याच आडोशांची खुराडी केली. आणि २०१८ साली हार्वर्डच्या दोन अभ्यासकांनी अशा मोकळ्या झालेल्या दोन कचेऱ्यांतल्या लोकांच्या अंगावर यंत्राचे बिल्ले लावून मोजदाद केली, तर समोरासमोरचे बोलणे सुमारे ७० टक्क्यांनी घटलेले! मला त्याचे नवल वाटले नाही. आमच्याकडे चौथ्याच दिवशी सगळ्यांच्या कानांत इयरफोनची बोंडे फुटली होती.

हे सगळे मी हसण्यावारी नेले असते. पण आमच्या गोदामात काट्यावर एक मामा आहेत. दर वर्षी कोजागिरी झाली की ते माझ्या खोलीत येत, दार हलकेच लोटून घेत आणि दिवाळीसाठी उचल मागत. यंदाही आले. टेबलाशी उभे राहिले, दोन्ही बाजूंच्या माना पाहिल्या आणि म्हणाले, "काट्याचा कागद संपलाय, साहेब." मी कागदाची गुंडाळी दिली. ते गेले. मीही आकडेमोडीत बुडालो.

आठ दिवसांनी ड्रायव्हरकडून कळले. मामांनी मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी सावकाराकडून साठ हजार घेतले होते, महिना शेकडा पाच व्याजाने. म्हणजे दरमहा तीन हजार नुसते व्याज! मागितले असते तर कचेरीने बिनव्याजी दिले असते. पण मागायचे कुठे, बावीस जणांच्या देखत? मला राग आला तो माझाच. कोजागिरीनंतर आलेला माणूस कागदासाठी आला नाही, हे मला कळायला नको होते?

संध्याकाळी थोरल्या शेठांना सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मुनीमजी, आमची पेढी उघडी होती खरी, पण भाव ठरायचा तो उपरण्याखाली." दोघांनी उपरण्याखाली हात घालायचे आणि बोटे दाबून आकडा सांगायचा, शेजारच्याला पत्ता नाही. त्याच उपरण्याखाली शेतकरीही पुष्कळदा नाडला गेला, म्हणून तर बाजार समित्यांत उघड लिलाव आले आणि ते बरेच झाले. शेठ हे नाकारीत नाहीत. "ज्वारीचा भाव ओरडून सांगा," ते म्हणाले, "पण पोरीच्या फीचं काय?"

दुसऱ्या दिवशी मामांना मी गोदामात गाठले. तिथे आमची काढलेली दारे एकावर एक रचून ठेवली होती, त्यांवरच दोघे बसलो. ते आधी नाही-नाही म्हणाले, मग डोळे पुसले. त्याच दुपारी सावकाराचे पैसे फिटले. पगारातून दरमहा दोन हजार कापायचे ठरले.

थोरल्या शेठांनी मात्र तेवढ्यावर सोडले नाही. कागद-शाईच्या अडगळीची खोली रिकामी करवली आणि त्या ढिगातले एक दार तिला बसवायला सांगितले. वास्तुशिल्पी बाईंनी फोनवरून काचेचे सुचवले. शेठ म्हणाले, लाकडाचेच. धाकटे शेठ जरा हिरमुसले. "निदान पांढरा रंग तरी देऊ," म्हणाले. दिला.

वसुबारसेला दार बसले. सुताराने बिजागरीला तेल घातले आणि आम्ही सगळे माना वर करून बघत राहिलो, आता आत पहिले कोण जाते? इतक्यात धाकट्या शेठांचा फोन वाजला. बँकेचा होता. ते लगबगीने उठले, आत गेले आणि कडी लावून घेतली.